दिल्लीतील पाळणाघरे आणि बालकांच्या भाषेविषयीचा पालकसंवाद

दिल्लीच्या कोणत्याही जुन्या वस्तीत, चुन्याच्या भिंतीवर रंगविलेल्या पाटीवर, ‘आंगनवाडी’ हा शब्द दिसतो. हिंदीत ‘फुलवारी’ आहे, ‘बाडी’ही आहे, परंतु लहान मुलांच्या शाळेला ‘वाडी’ म्हणण्याची रीत पश्चिम भारतातली. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला जे सुरू केले त्याचे नाव बालमंदिर असे होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले आणि कोकणपट्टीवरचा एक शब्द राजधानीच्या राजभाषेत स्थिरावला. ते पाहावयास ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्येच त्या निवर्तल्या होत्या.

शब्द आला. शब्दामागची रीत कितपत आली, हा प्रश्न वेगळा आहे. अंगणात शाळा भरविल्याचा एक अटळ परिणाम असा की, शिक्षिका मुलांशी काय बोलते हे घरातल्या माणसांच्या कानांवर पडते आणि घरातली माणसे मुलांशी काय बोलतात हे शिक्षिकेच्या. मुलाच्या भाषेविषयी दोघांनाही परस्परांकडून काही कळते, आणि त्यासाठी सभा बोलवावी लागत नाही. शाळेला भिंत आणि फाटक आले की हे आपोआप होणारे ऐकणे थांबते; मग ठरवून बोलावे लागते. मूल दिवसाचे आठ तास ज्यांच्याजवळ असते त्या सेविका त्याच्या बोलण्याविषयी आईबापांशी काय बोलतात, आणि त्या बोलण्यात मुलाच्या भाषेचे जाणकार कोणाला मानले जाते, सेविकेला की आईला, हा विषय बालशिक्षणाच्या इतिहासात बाजूलाच राहिला आहे. हे संभाषण दारात उभ्याउभ्या, दोन-चार मिनिटांत होते. त्याचे दप्तर कोणी ठेवीत नाही. ते जेथे घडते ती जागा, त्याला मिळणारा वेळ, त्या वेळी सेविकेच्या हातात असलेला कागद आणि त्यामागचा कायदा यांवरूनच त्याचा माग काढावा लागतो.

पाळणाघर या संस्थेचे युरोपीय मूळ सर्वज्ञात आहे. पॅरिसमध्ये फिरमँ मार्बो यांनी १८४४ साली पहिले ‘क्रेश’ उघडले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ गव्हाण. ख्रिस्तजन्माच्या कथेतली ती गव्हाण. कामकरी आईला स्वच्छता, शिस्त आणि नीती शिकविणे हा त्या संस्थेच्या उद्देशाचा उघड भाग होता. म्हणजे बोलणारी संस्था आणि ऐकणारी आई ही विभागणी जन्मापासूनच ठरलेली. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. कायद्याने हवेशीर खोली मागितली, प्रशिक्षित स्त्रियांची देखरेख मागितली, मुलांसाठी दूध मागितले आणि आईला ठरावीक वेळांनी मुलाला पाजण्याची मुभा मागितली. भाषेचा उल्लेख त्यात नव्हता आणि त्या काळी तो असण्याची अपेक्षाही कोणी केली नसती. तथापि पाजण्याची ही मुभा, वरवर पाहता शारीरिक गरजेची तरतूद, पुढे या इतिहासात फार महत्त्वाची ठरली. कारण कष्टकरी आई आणि सेविका दिवसाउजेडी समोरासमोर येत त्या याच वेळी.

दिल्लीतील कथा १९६९ साली राजघाटाजवळ सुरू होते. गांधीजन्मशताब्दीनिमित्त तेथे गांधी दर्शन प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. मजूर स्त्रियांची तान्ही मुले विटा-खडीच्या ढिगांशेजारी धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि त्याच जागी तंबूत पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. काम संपले की मजुरांचा तांडा हलतो, म्हणून पाळणाघरानेही हलावयाचे, ही त्या नावामागची कल्पना. संस्थेचे काम १९७२ मध्ये मुंबईत आणि १९८१ मध्ये पुण्यात पोहोचले.

मीरा महादेवन यांचे मूळ नाव मिरियम जेकब. त्या बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शतकानुशतके मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. लेखन मात्र त्यांनी हिंदीत केले. ‘अपना घर’ ही त्यांची कादंबरी १९६१ सालची. तिचे इंग्रजी रूपांतर ‘शुलमिथ’ या नावाने १९७५ मध्ये निघाले. इस्रायलला जावे की जेथे पिढ्या गेल्या तेथेच राहावे, या प्रश्नाने दुभंगलेल्या बेने इस्रायल कुटुंबाची ती कथा आहे. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. या तपशिलावरून मोठी अनुमाने काढण्याचा मोह टाळलेला बरा. तरीही एवढे म्हणता येते की, दिल्लीतील स्थलांतरित मुलांसाठीचे पहिले महत्त्वाचे पाळणाघर जिने उभारले, तिच्या समाजाची घरची भाषा एक, तिच्या लेखनाची भाषा दुसरी आणि प्रार्थनेची भाषा तिसरी होती. घर बदलणे म्हणजे काय, हा तिच्या कादंबरीचाच विषय होता.

बांधकामावरचे पाळणाघर हे भाषेच्या दृष्टीने विलक्षण ठिकाण असते. राजस्थानातून, बुंदेलखंडातून, ओडिशातून, बंगालमधून आलेली कुटुंबे एकाच आवारात राहतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत झालेल्या बांधकामांवर कंत्राटदारांच्या जमादारांनी राजस्थान, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून मजूर आणले होते. त्यांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी लागलेला निकाल कामगार-कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या निकालात वेतनाची चर्चा आहे, बालमजुरीची आहे. दीड वर्षाचे ओडिया मूल ‘पाणि’ म्हणते, बंगाली मूल ‘जोल’ म्हणते, आणि दोघांनाही पाजणारी स्त्री दिल्लीची हिंदी बोलते, ही गोष्ट कोणत्याही निकालात येण्यासारखी नसते. सेविकेपुढे मात्र ती रोजच उभी असते. रडणाऱ्या मुलाला काय हवे आहे हे समजून घ्यायचे तर तिला आईलाच विचारावे लागते. दुपारी दूध पाजायला, हातापायांवर सिमेंट घेऊन, आई टेकते. त्या पंधरा मिनिटांत ‘हा असे म्हणतो, म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारला गेला, तर त्या क्षणापुरता संस्थेचा अधिकारक्रम उलटा होतो. जाणकार आई ठरते, शिकणारी सेविका.

हे नेहमीच घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल. सेविका बहुधा आईपेक्षा अधिक शिकलेली, तिच्या अंगावरचे कपडे धुतलेले, आणि तिच्या हिंदीला शहराची प्रतिष्ठा. मुलाला ‘साफ’ बोलायला शिकविणे हे आपले काम आहे, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. त्या काळचे मानसशास्त्रही तिच्याच बाजूने होते. अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या कार्यक्रमाभोवती, गरीब घरांतील मुले भाषेला वंचित असतात असा विचार रूढ झाला होता, आणि ‘वंचित बालक’ हा शब्दप्रयोग भारतीय शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही शिरला. विल्यम लेबॉव्ह यांनी न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीच्या आधारे हा विचार खोडून काढणारा प्रसिद्ध निबंध लिहिला तो १९६९ सालीच, म्हणजे राजघाटावर तंबू उभा राहिला त्याच वर्षी. मुलाला भाषा नाही असे नसून परीक्षकाला ती ऐकू येत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. दिल्लीत या दिशेचे सर्वांत वाचनीय लेखन कृष्णकुमार यांचे. मुलाची भाषा आणि शिक्षक यांच्या संबंधावरचे त्यांचे छोटे पुस्तक १९८६ मध्ये युनिसेफने काढले आणि ते हिंदीतही पुष्कळ वाचले गेले. तेथेही भर शाळेतल्या शिक्षकावर होता. पाळणाघरातील आया त्या पुस्तकाची वाचक नव्हती.

महाराष्ट्रातील एक समांतर उदाहरण येथे उपयोगी पडते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची ‘विकासवाडी’ची कल्पना होती, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ होती. मोबाइल क्रेशेसनेही पाळणाघर, बालवाडी आणि मोठ्या मुलांचा वर्ग असे तिन्ही एकत्र ठेवले. दोहोंतील साम्य सरळ आहे; ते प्रभावातून आले की गरजेतून, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवता येईल. महत्त्वाचा आहे तो भेद. वारली मुलांची बोली आणि शिक्षिकांची प्रमाण मराठी यांत अंतर असले तरी ते एकाच टेकडीवर वर्षानुवर्षे राहून ओलांडता येण्यासारखे होते. अनुताई तेथे आयुष्यभर राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच त्या वास्तव्याची साक्ष देते. दिल्लीत सेविका आणि कुटुंब दोघेही मुक्कामाला आलेले. मुलाच्या बोलण्याचा आलेख काढायचा तर ते निदान दोन वर्षे एका ठिकाणी हवे. इमारत त्याआधीच पूर्ण होते. म्हणून बांधकामावरच्या पालकसंवादाला साठत जाण्याची सोय नव्हती. प्रत्येक नव्या जागी तो मुळापासून सुरू करावा लागे. मोबाइल क्रेशेसने ‘लोकदूत’ या नावाने पथनाट्यादी माध्यमांतून पालकांशी बोलण्याचा जो उपक्रम केला, तो या अडचणीवरचा एक उपाय म्हणून पाहता येतो. नाटक एका संध्याकाळी होते, आणि पाहणाऱ्याला अक्षरओळख असावी लागत नाही.

अंगणवाडीत परिस्थिती वेगळी होती. तेथील सेविका वस्तीतलीच, कुटुंबेही तुलनेने स्थिर. मुलाच्या भाषेविषयी निवांत बोलता यावे अशी रचना कागदावर तरी होती. प्रत्यक्षात संभाषणाचा विषय ठरविला तो तराजूने. सहा सेवांपैकी पूरक आहार आणि आरोग्य यांची मोजदाद होते, त्यांचे रकाने भरावे लागतात, वरिष्ठ ते तपासतात. मुलाचे वजन घटले की आईला बोलावून सांगितले जाते. मुलाचे शब्द घटले किंवा वाढले, याला तराजू नाही. माता-बाल संरक्षण पत्रिकेवर वजनाच्या वक्ररेषेबरोबर वाढीचे टप्पे चित्ररूपाने आले, त्यांत बोलण्याचेही टप्पे आले. तरी एखाद्या रेषेखाली गेलेला ठिपका जितका बोलका असतो तितके ते चित्र नसते. शिवाय मानधनावर काम करणाऱ्या सेविकेकडे जनगणनेपासून निवडणूक-याद्यांपर्यंतची कामे असतात. तिने प्रत्येक आईशी मुलाच्या वाक्यरचनेबद्दल बोलावे ही अपेक्षा दिल्लीतल्या कार्यालयात बसून करणे सोपे आहे.

या काळातील अहवालांकडे येथे धावती नजर टाकणे पुरेसे आहे. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाचा शालापूर्व बालकांविषयीचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्यांचेच ‘हू केअर्स?’ हे श्रमिक स्त्रियांच्या बालसंगोपन-सोयींवरचे पुस्तक १९८५ चे. पाळणाघरांसाठी आवाज उठविणारा ‘फोर्सेस’ हा संस्थांचा मंच १९८९ मध्ये स्थापन झाला. या साऱ्यांचा मुख्य लढा पाळणाघर असावे यासाठीच होता आणि तो रास्त होता. जेथे छप्परच नाही तेथे छपराखालच्या संवादाची चिकित्सा कोण करणार?

१९९१ नंतर राजधानी-परिसराचे रूप पालटले. १९७६ मध्ये वसविलेले नोएडा आणि पुढे २०१६ मध्ये गुरुग्राम झालेले गुडगाव यांतून नव्या कार्यालयांचा आणि उंच इमारतींचा पट्टा उभा राहिला. पती-पत्नी दोघेही नोकरीत असलेल्या सुशिक्षित कुटुंबांसाठी फी घेणारी खाजगी पाळणाघरे निघाली. या स्थलांतरात मराठी कुटुंबेही होती. दिल्लीतील जुना मराठी समाज पहाडगंज, करोलबाग आणि सरकारी वसाहतींच्या आसऱ्याने राहिला. नूतन मराठी विद्यालयासारख्या संस्था त्याने चालविल्या. घरात बहुधा आजी असे. नव्या पट्ट्यातील मराठी घरात आजी येते ती काही महिन्यांसाठी आणि परत पुण्याला, नागपूरला जाते. मुलाच्या कानांवर मराठी पडावी यासाठी आईबाप सकाळी एक तास आणि रात्री दोन तास एवढेच उरतात.

अशा मुलाच्या तोंडी असलेली भाषा कोणती असते? अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी बालबोलीवर, म्हणजे मोठी माणसे तान्ह्यांशी जी विशिष्ट भाषा बोलतात तिच्यावर, इंग्रजीत शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना प्रसिद्ध केली, तीत अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंक्तीला मराठी होती. जगाच्या भाषाविज्ञानात बालबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला जात असताना मराठीतील मम्मं, जोजो, भुर्र यांना तेथे जागा मिळाली होती, हे मराठी पालकांना फारसे ठाऊक नसते. दिल्लीतील आयेला तर हे शब्दच ठाऊक नसतात. मुलाची ‘शू’ तिला ‘सूसू’च्या जवळिकीमुळे समजते. ‘नको’ समजत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो कदाचित सर्वांत महत्त्वाचा शब्द असतो. दख्खनीने ‘नक्को’ म्हणून तो हैदराबादपर्यंत नेला; दिल्लीपर्यंत तो पोहोचला नाही. उलट काही शब्द समजल्यासारखे वाटतात आणि तेच अधिक घोटाळ्याचे. आया ‘बस’ म्हणते तेव्हा तिला ‘पुरे’ म्हणायचे असते. मराठी मूल खाली बसते. मूल ‘खाली’ म्हणते तेव्हा त्याला जमिनीवर उतरायचे असते. आया रिकामी वाटी पाहू लागते. आणि ‘आई’ हा शब्द हिंदी कानाला हाक म्हणून ऐकूच येत नाही. हिंदीत ‘आई’ म्हणजे कोणीतरी स्त्री आली. दाराकडे पाहून रडणारे मूल ‘आई’ म्हणते, आणि ऐकणाऱ्या बाईला वाटते, ते कोणाच्या येण्याची वर्दी देत आहे.

हे घोटाळे गमतीदार वाटतात, पण त्यांचा परिणाम पालकसंवादावर होतो. आपले म्हणणे पोहोचत नाही असे दिसल्यावर मूल काही काळ गप्प राहते. नवी भाषा कानांत साठत असतानाचा हा मौनकाळ अभ्यासकांना परिचित आहे. पाळणाघर मात्र आईला सांगते की मूल बोलत नाही. समजा, एखाद्या मुलाजवळ मराठीचे पंचवीस शब्द आहेत आणि हिंदीचे बारा. त्याचा शब्दसंग्रह सदतीस, त्यांपैकी काही जोड्या एकाच वस्तूच्या. पाळणाघर बारा मोजते, आजी फोनवर पंचवीस मोजते, आणि दोघींनाही ते इतर मुलांपेक्षा मागे वाटते. या टप्प्यावर दिल्ली परिसरात एक सल्ला हमखास दिला जातो: घरीही एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, नपेक्षा हिंदी; मुलाचा गोंधळ होतो आहे.

या सल्ल्याला वंशावळ आहे. द्विभाषिकत्वाने बुद्धीवर ताण पडतो असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य मानसशास्त्रात मानले जाई. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांच्या १९६२ सालच्या माँट्रियल येथील अभ्यासाने त्या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध मुलांचा अभ्यास केला. त्यांतली काही कुई आणि ओडिया दोन्ही बोलत, काही फक्त ओडिया. द्विभाषिक मुले बौद्धिक चाचण्यांत मागे नव्हती, किंबहुना सरस होती. मोहंती पुढे दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन करीत होते. म्हणजे ज्या शहरात हे ज्ञान शिकविले जात होते त्याच शहराच्या पाळणाघरांत त्याच्या नेमका उलट सल्ला चालत राहिला. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, याबद्दल आज अभ्यासकांत मतभेद नाही. तरी सल्ला टिकून आहे, कारण तो भाषाविज्ञानातून आलेला नाही. तो शाळाप्रवेशातून आलेला आहे.

दिल्लीतील नामांकित शाळांत तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश देण्याची प्रथा बराच काळ चालली. रंगांची, फळांची नावे मुलाने इंग्रजीत सांगावीत, ही त्यातली अपेक्षा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अशोक गांगुली यांच्या समितीने मुलाखतीऐवजी गुणांकनाची पद्धत सुचविली, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणे दंडनीय ठरविले. मुलाखत कायद्याने गेली. ती डोळ्यांपुढे ठेवून रचलेले संभाषण मात्र पाळणाघरात राहून गेले. संध्याकाळी मूल नेताना पालक विचारतात, ‘आज काय नवीन बोलला?’, आणि उत्तरात जे शब्द येतात ते इंग्रजी असतात. कारण तेच सांगण्याजोगे मानले जातात. मुलाने दुपारी झोपेत ‘नको’ म्हटले, ही बातमी होत नाही.

बातमी कोण देते, हाही प्रश्न आहे. बांधकामावर सेविका आईपेक्षा वरच्या पायरीवर होती. खाजगी पाळणाघरात पालक ग्राहक असतो, आणि मुलाला दिवसभर खेळवणारी, भरवणारी, झोपवणारी आया बहुधा पूर्वांचल, बंगाल किंवा झारखंडमधून आलेली, कमी शिकलेली असते. मुलाचे बोलणे सर्वांत जास्त तिने ऐकलेले असते. पालकांशी बोलते ती मात्र इंग्रजी येणारी व्यवस्थापिका. कित्येक ठिकाणी आयांनी पालकांशी परस्पर बोलू नये असा दंडकच असतो. अलीकडे भ्रमणध्वनीवर छायाचित्रे आणि जेवणा-झोपेच्या नोंदी येतात. छायाचित्रात मूल हसताना दिसते, बोलताना ऐकू येत नाही. जिने ऐकले ती सांगत नाही, आणि जी सांगते तिने ऐकलेले नसते. १९६९ च्या तंबूपासून सुरू झालेल्या या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे आणि तो सुधारणेच्या नावाखाली झालेला आहे.

आयेच्या भाषेची भीती मात्र नवी नाही. ब्रिटिशकालीन बंगल्यांत वाढलेली इंग्रज मुले आयांची आणि नोकरांची भाषा आधी शिकत आणि आईबापांपुढे इंग्रजी अडखळत बोलत. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगचे बालपण तसेच गेले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. मुलांना लवकर विलायतेस धाडण्यामागे हवामानाइतकेच हेही कारण होते. आज नोएडातील मुलाच्या तोंडी भोजपुरी वळणाचे एखादे क्रियापद आले की आईबाप तितकेच अस्वस्थ होतात. त्यांना इंग्रजांची उपमा आवडणार नाही.

या साऱ्यात एका दुसऱ्या टोकाची काळजी घ्यावी लागते. प्रत्येक मौन हे भाषांतराचे मौन नसते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलू लागले’ ही घरगुती सांत्वने पाळणाघरही उच्चारते, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाची मोलाची वर्षे त्यात जातात. हाक मारल्यावर मान वळत नाही, वर्ष उलटले तरी एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांनंतर दोन शब्द जोडले जात नाहीत, तेही घरच्या कोणत्याच भाषेत नाहीत, असे दिसले तर श्रवणतपासणी आधी व्हावयास हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषेतील विलंब या दोहोंची तपासणी समाविष्ट आहे. परंतु ‘घरच्या कोणत्याच भाषेत’ हा शब्दसमूह आईला विचारल्याशिवाय भरता येत नाही. पाळणाघरात गप्प असलेले मूल घरी आजीशी भांडत असेल, तर त्याचे कान आणि त्याची भाषा दोन्ही शाबूत आहेत. हे सांगू शकेल अशी व्यक्ती एकच, आणि तिला प्रश्न विचारलेला नसतो. तिला सल्ला दिलेला असतो. या एका चुकीने दोन प्रकारची हानी होते. निरोगी मुलाची मराठी अकारण बंद केली जाते, आणि ज्याला उपचार हवेत त्याला भाषा बदलण्याचे औषध मिळते.

धोरणाच्या पातळीवर चित्र आता पुष्कळ बदलले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने मुलाशी मुख्यतः त्याच्या घरच्या भाषेत बोलावे असे म्हटले. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार भेटींची मुभा दिली. २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हे आराखडे अंगणवाड्यांकरिता आले. त्यांत मुलांशी गप्पा, गाणी, गोष्टी यांवर भर आहे आणि घरभेटींचा विचार आहे. तराजूशेजारी भाषेला पन्नास वर्षांनी जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. १९४८ च्या पाजण्याच्या मुभेचे २०१७ च्या चार भेटींत झालेले रूपांतरही दुर्लक्षिण्यासारखे नाही. गुरुग्राममधील काचेच्या इमारतीत काम करणारी आई त्या वेळेत तळमजल्यावर येते, तेव्हा तिच्यासमोर आया असते, व्यवस्थापिका नव्हे.

पाळणाघराच्या प्रवेशपत्रावर मातृभाषेचा एक रकाना असतो. तो एका शब्दाचा असतो. वडील मराठी, आई बंगाली, आया भोजपुरी, मावशी व्हिडिओवर इंग्रजी, अशा मुलासाठी तो पुरत नाही, आणि पालक पुष्कळदा त्यात अपेक्षित वाटेल ते उत्तर लिहून मोकळे होतात. मराठी घराला येथे एक सोय आहे जी बंगाली किंवा तमिळ घराला नाही: लिपी. हिंदी वाचू शकणाऱ्या आयेला देवनागरीत लिहिलेला मराठी शब्द वाचता येतो. पहिल्या दिवशी मुलाच्या दप्तरात एक कागद ठेवला आणि त्यावर मुलाचे पंधरा-वीस शब्द, त्यांपुढे हिंदी अर्थ लिहिले, तर तो तिला भिंतीवर चिकटवून ठेवता येतो. यादीत मम्मं, शू, भुर्र हे असतील. ‘खाली’ आणि ‘बस’ यांच्यापुढे खुलासा लागेल. ‘नको’ सर्वांत वर हवा, आणि ‘आई’पुढे ‘माँ’ असे लिहावे लागेल.